मनोऱ्यांच्या विजेला माप कोणते?

भ्रमणध्वनी यंत्रणेच्या ऊर्जेचा प्रश्न आपल्याकडे प्रथम ऐरणीवर आला तो डिझेलमुळे. देशातील सुमारे तीन लाख दहा हजार मनोऱ्यांची ६० टक्के गरज जनित्रांवर भागते आणि त्यापायी वर्षाला २०० कोटी लिटर डिझेल जळते, असा अंदाज दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०११ मध्ये मांडला. पुढच्याच जानेवारीत दूरसंचार विभागाचे आदेश निघाले. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील ५० टक्के व शहरांतील २० टक्के मनोरे सौर वा तत्सम ऊर्जेची जोड असलेल्या संमिश्र यंत्रणेवर न्यायचे होते. २०२० साठी हेच प्रमाण ७५ व ३३ टक्के ठरले. तेव्हा डिझेलचे दर मात्र सरकारी नियंत्रणाखाली होते. ते पूर्णपणे मुक्त झाले ऑक्टोबर २०१४ मध्ये. एका खात्याने स्वस्त इंधन पुरवायचे आणि दुसऱ्याने ते जाळू नका म्हणायचे, असा तो कारभार होता.

यंत्रणेतील बहुतांश वीज खर्च होते ती मनोऱ्यांपाशी. तेथील प्रवर्धक घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत गमावतो आणि ती उष्णता घालवण्यासाठी अनेक ठिकाणी पुन्हा वातानुकूलन लागते. शिवाय पहाटे तीन वाजता कोणी बोलत नसले तरी मनोरा जागाच असतो. वापर ओसरताच काही वाहक लहरी बंद करणे, यंत्रे वातानुकूलित खोलीबाहेर उघड्यावर बसवणे, रेडिओ संच अँटेनाशेजारी नेऊन केबलमधील गळती टाळणे हे उपाय सिद्ध झालेले आहेत.

त्यांनी किती वाचले, हे ठरवणे अवघड. एक ज्यूल ऊर्जेत किती बिट माहिती पोहोचली, हे युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने स्वीकारलेले प्रमुख माप. दादरच्या गर्दीतला मनोरा या मापावर सहज उत्तीर्ण होतो. मेळघाटातल्या पाड्यावरचा नापास. वास्तविक, ज्याच्यावाचून पाड्याचा संपर्कच तुटेल तो मनोरा अकार्यक्षम कसा? म्हणून त्याच मानकात विरळ वस्तीसाठी, ऊर्जेच्या तुलनेत किती क्षेत्र व्यापले, असे दुसरे माप दिले आहे. पहिल्यात आणखी एक फट आहे. माहितीची वाहतूक वाढली की गुणोत्तर आपोआप सुधारते. एकूण वीजबिल वाढत असले तरीही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात आलेल्या फाइव्ह-जीची 'प्रति जीबी बचत' ऐकताना हे ध्यानात ठेवायला हवे.

त्याहून फसवे माप आपल्या वार्षिक अहवालांत आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना 'सेबी'ने २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती ऊर्जा लागली, हे सांगावे लागते. जुलै २०२४ मध्ये खासगी दूरसंचार कंपन्यांनी दर वाढवले. अशी दरवाढ झाली की उलाढाल फुगते आणि एक युनिटही न वाचवता हा आकडा उजळ दिसू लागतो. त्याचे पैसे ग्राहकाने मोजलेले असतात. मनोऱ्यागणिक वापरलेले युनिट, जाळलेले डिझेल आणि त्या बदल्यात मिळालेली सेवा असे तिन्ही आकडे परिमंडळवार जाहीर करण्याची सक्ती 'ट्राय'ने केली, तर ही रंगसफेदी कठीण होईल. वीज मीटरवर मोजली जाते आणि डिझेल पावतीवर मिळते. त्यामुळे माहिती उपलब्ध नाही, ही सबब कंपन्यांना पुढे करता येणार नाही.