किरणोपचारांनंतरचे दुखणे आणि मूलपेशींचे आश्वासन

कर्करोगावरील उपचारांचे यश आपण आजवर एकाच मापाने मोजत आलो : रुग्ण वाचला की नाही? निदान लवकर होऊ लागले, उपचार सुधारले आणि वाचणाऱ्यांची संख्या वाढली, तसा आता दुसरा प्रश्न पुढे उभा राहिला आहे. वाचलेला रुग्ण पुढची दहा-वीस वर्षे कसा जगतो? गर्भाशयमुख, प्रोस्टेट, गुदाशय किंवा मूत्राशय यांच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्यांपैकी काहींना रोग बरा झाल्यानंतर काही महिन्यांनी, तर कधी अनेक वर्षांनी, लघवीतून रक्त जाऊ लागते. ज्या उपचाराने प्राण वाचवले, त्याचीच ही उशिरा आलेली किंमत असते. अशा रुग्णांना मूलपेशींच्या, म्हणजेच ‘स्टेम सेल’च्या उपचारांचे आश्वासन आता दिले जाऊ लागले आहे. या आश्वासनात शास्त्र किती आणि आशेचा व्यापार किती, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भारतात हा प्रश्न दुर्मीळ म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि जवळपास ८० हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. आपल्याकडे अनेक स्त्रिया रोग बळावल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते आणि किरणोपचार, ज्याला बरेच रुग्ण अजूनही ‘शेक घेणे’ म्हणतात, हाच उपचाराचा मुख्य आधार उरतो. त्या वाचतात तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला हे दुसरे दुखणे येते.

ते होते कसे, हे समजून घेतल्याखेरीज मूलपेशींकडून अपेक्षा काय करायची, हे कळणार नाही. मूत्राशय गर्भाशयमुख आणि प्रोस्टेट यांना लागूनच असल्याने किरणांचा काही वाटा त्यालाही सोसावा लागतो. उपचारांच्या काळात होणारी जळजळ बहुधा काही आठवड्यांत शमते. खरी हानी सावकाश होते. मूत्राशयाच्या भिंतीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, त्या अरुंद होत जातात, ऊतींना प्राणवायू अपुरा पडतो आणि लवचीक स्नायूंच्या जागी कडक, चिवट तंतू साचतात. मूत्राशय आक्रसतो. त्याच्या आतल्या आवरणावर उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या सहज फुटतात. रुग्णाला तासातासाला, रात्री-अपरात्री उठावे लागते. प्रवास, लग्नसमारंभ, नोकरी यांवर आपोआप मर्यादा येतात. रक्ताच्या गुठळ्यांनी लघवीच अडली, तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

यावरील प्रचलित उपचार म्हणजे मुख्यत्वे रक्तस्राव थांबवण्याचे प्रयत्न आहेत. नळीवाटे मूत्राशय धुणे, तुरटीचे द्रावण सोडणे, दुर्बिणीतून रक्तवाहिन्या डागणे आणि काहीच लागू पडले नाही तर मूत्राशय काढून लघवीला दुसरी वाट करून देणे, अशी ही चढती श्रेणी आहे. मूळ दुखापत, म्हणजे रक्तपुरवठ्याचा अभाव आणि साचलेले तंतू, यांवर यांतले बहुतेक उपाय काही करीत नाहीत. मूलपेशींचे आकर्षण नेमके येथे आहे.

या दिशेने मानवी रुग्णांवर झालेल्या पहिल्या प्रयत्नांमागे एका दुर्घटनेचा इतिहास आहे. फ्रान्समधील एपिनाल येथील रुग्णालयात मे २००४ ते ऑगस्ट २००५ या काळात प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या सुमारे २४ रुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा वीस टक्क्यांच्या आसपास अधिक किरण दिले गेले. मात्रा ठरवणारे संगणकीय सॉफ्टवेअर चुकीच्या पद्धतीने वापरले गेले होते आणि त्याची मार्गदर्शिका फ्रेंच भाषेत उपलब्धच नव्हती, हे चौकशीत उघड झाले. काही रुग्ण दगावले. उरलेल्यांच्या आतड्यांची आणि मूत्राशयाची मोठी हानी झाली. २०१३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दोन डॉक्टर आणि एका भौतिकशास्त्रज्ञाला शिक्षा सुनावली. सर्व उपाय थकलेल्या मोजक्या रुग्णांना फ्रेंच डॉक्टरांनी करुणेच्या भूमिकेतून, विशेष बाब म्हणून, अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या ‘मेसेंकायमल’ पेशी शिरेवाटे दिल्या. कुणाच्या वेदना कमी झाल्या, कुणाचा रक्तस्राव थांबला, शौचाचा त्रास निम्म्यावर आला. मात्र हे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, मुख्य त्रास आतड्यांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यानंतर फ्रान्समध्ये ओटीपोटाच्या अशा गुंतागुंतींसाठी ‘प्रिझ्म’ नावाची छोटी चाचणी हाती घेण्यात आली. किरणोपचारांनी बिघडलेल्या मूत्राशयाबाबत फ्रेंच संशोधकांनी प्रयोगशाळेतील उंदरांवर केलेले काम उत्साहवर्धक आहे. शिरेतून दिलेल्या पेशींची मूत्राशयाची हानी मर्यादित ठेवण्यास मदत झाली, असे त्यात दिसले.

या पेशी करतात तरी काय? ‘मूलपेशी’ या शब्दामुळे अनेकांच्या मनात असे चित्र उभे राहते की, पेशी शरीरात सोडल्या की त्या मूत्राशयात रुजतील आणि नवा मूत्राशय उगवेल. वस्तुस्थिती तशी नाही. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळ यांपासून मिळणाऱ्या या पेशी मुख्यत्वे रासायनिक संदेश सोडतात. ते दाह शमवतात, रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देतात आणि तंतू साचण्याला आळा घालतात. १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते बदलावे, असे जाहीरपणे लिहिले. ‘स्टेम सेल’ या शब्दामुळे रुग्णांची दिशाभूल होते, हा त्यांचा मुद्दा होता. नाव देणाऱ्यानेच नाव मागे घ्यावे, यातच बरेच काही आले.

मूत्राशयाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने आशेचा चढ आणि उतार यापूर्वीही अनुभवला आहे. अमेरिकेतील अँथनी अटाला यांच्या चमूने रुग्णांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले मूत्राशयाचे भाग सात जणांवर बसवल्याचा अहवाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या पेशी प्रौढ ऊतींमधल्या होत्या, पण ‘नवा अवयव तयार झाला’ अशी वृत्ते जगभर झळकली. त्याच धर्तीच्या पद्धतीची दहा मुलांवर झालेली पुढची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्राशयाच्या क्षमतेत अपेक्षित सुधारणा झाली नव्हती आणि गंभीर दुष्परिणाम मान्य मर्यादेपलीकडे गेले होते. पहिल्या बातमीला मिळालेली जागा दुसरीच्या वाट्याला आली नाही.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? त्याचा वस्तुपाठ याच दुखण्यावरील एका जुन्या उपचाराने घालून दिला आहे. दाबयुक्त कक्षात बसवून रुग्णाला शुद्ध प्राणवायू देण्याची ‘हायपरबॅरिक’ पद्धत अनेक वर्षे वापरात होती, पण तिच्याबद्दल मतभेद होते. उत्तर युरोपातील पाच रुग्णालयांनी मिळून ८७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस ते चाळीस सत्रे प्राणवायू घेतलेल्या गटात लघवीविषयक त्रासाच्या गुणांकात सरासरी १७.८ अंकांची सुधारणा झाली. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातही ती ७.७ अंकांची होती. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्रास आपसूक कमी-जास्त होतो, म्हणून तुलनेचा गट नसेल तर कोणत्याही उपचाराला ही फुकटची सुधारणा आपल्या नावावर मांडता येते. ‘आमच्या रुग्णांना बरे वाटले’ या वाक्याचे मोल म्हणूनच मर्यादित आहे. किरणांनी बिघडलेल्या मूत्राशयासाठी मूलपेशींना अशा मोठ्या, तुलनात्मक चाचणीची कसोटी अद्याप पार करायची आहे.

येथे आणखी एक धोका आहे आणि तो या रुग्णांपुरता विशेष आहे. रक्तवाहिन्या वाढवणारे, पेशींना जगवणारे जे संदेश जखम भरून आणतात, तेच संदेश शरीरात दडून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही पोषक ठरू शकतात. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला अशा पेशी देताना ही शंका दूर करावीच लागते आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची देखरेख लागते. पैसे घेऊन इंजेक्शन देणारा दवाखाना ती करील, ही अपेक्षा भाबडी ठरेल. अमेरिकेतील फ्लोरिडात चरबीपासून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेल्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘पेशी तुमच्याच आहेत, मग अपाय कसला?’ या युक्तिवादाचे उत्तर त्यात आहे.

याचा अर्थ मूलपेशींचे शास्त्र पोकळ आहे, असा मात्र मुळीच नाही. अस्थिमज्जा रोपणानंतर उद्भवणाऱ्या एका जीवघेण्या गुंतागुंतीवर, लहान मुलांसाठी, मेसेंकायमल पेशींच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. अनेक अपयशांनंतर, पुराव्यांची मागणी पूर्ण करूनच ते औषध तेथवर पोहोचले. मार्ग आहे, पण तो लांबचा आहे.

भारतात नियम याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांसाठी होणारे अस्थिमज्जा रोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर हे संशोधनच आहे. ते नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अनैतिक आहे. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूदही आहे. तेव्हा कुणी असा उपचार सुचवला, तर रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात : चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, नैतिकता समिती कोणती आणि मला पैसे का द्यावे लागत आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल आणि तिसऱ्याला ‘पॅकेज’ हे उत्तर असेल, तर तेथून उठावे.

या साऱ्या चर्चेत एक साधी गोष्ट झाकोळून जाते. दुखापत भरून काढण्यापेक्षा ती टाळणे सोपे असते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, शस्त्रक्रिया झालेल्या ३०० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिमांच्या साह्याने, निरोगी अवयव चुकवून किरण देणाऱ्या आधुनिक पद्धतीत आतड्यांचा उशिरा होणारा त्रास तीन वर्षांत २१.१ टक्के रुग्णांत दिसला, जुन्या पद्धतीत हे प्रमाण ४२.४ टक्के होते. चाचणी आतड्यांपुरती होती, तरी निरोगी अवयव जितका वाचवाल तितके पुढचे भोग टळतात, हा तिचा धडा मूत्राशयालाही लागू पडतो. नेमक्या किरणोपचारांची यंत्रे आणि ती चालवणारे प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवणे, प्राणवायू कक्षाचा उपचार परवडण्याजोगा करणे आणि उपचार संपल्यावरही रुग्णाची वर्षानुवर्षे विचारपूस करणे, ही कामे मूलपेशींच्या बातम्यांइतकी चमकदार नाहीत. त्यांचा लाभ मात्र आजच मिळू शकतो.

मूलपेशींवरील संशोधन व्हायलाच हवे, आणि ते सार्वजनिक रुग्णालयांत, सार्वजनिक पैशातून, उघडपणे व्हायला हवे. कर्करोगातून वाचलेल्या रुग्णाने आधीच पुष्कळ सोसलेले असते. त्याच्या सोसण्यातून ज्ञान निर्माण होणार असेल तर तो त्यात आपणहून सहभागी होईल, पण कुणाची तिजोरी भरण्यासाठी त्याने दुसऱ्यांदा किंमत मोजावी, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही.