मीठ कुणाचं घ्यायचं?

मागच्या पावसाळ्यात गोदीतून चार दिवसांची रजा टाकून पालीला गेलो होतो. पाली म्हणजे राजगडाच्या पाली दरवाज्याखालचं गाव, वेल्हे तालुक्यातलं. तालुक्याला आता सरकार राजगड म्हणतं, आमच्या म्हाताऱ्या अजून वेल्हंच म्हणतात. माझ्या चुलतभावानं गडाच्या वाटेवर ताडपत्री बांधून पिठलं-भाकरीचं दुकान मांडलंय. शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी गड चढायला येतात, त्यांच्यावर हे दुकान चालायचं.

सहा-सात जणांचं टोळकं आलं. बुटांना चिखल, पाठीवर पिशव्या, हातात मोबाईल. वहिनी भाकऱ्या थापत होती. एकानं अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, आडनाव काय तुमचं?" भावानं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी तोंड वाकडं केलं नाही. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एक म्हणाली, "भूक नाहीये तशी. तीन पाण्याच्या बाटल्या द्या. सीलबंद आहेत ना?" अर्ध्या तासानं मी खाली उतरलो तर तीच मंडळी पुढच्या ताडपत्रीखाली बसून पिठलं चापत होती. खरडा मागत होती.

मित्रांनो, हा बहिष्कार आहे. दवंडी पिटलेली नाही, ठराव केलेला नाही, पंचायत बसलेली नाही. उद्या पोलिसात जावं तर काय लिहायचं तक्रारीत? गिऱ्हाईकानं भाकरी घेतली नाही. गिऱ्हाईकाची मर्जी! या देशात मर्जी जन्माचा दाखला बघूनच चालत आलीय.

मुंबईला परत आलो आणि त्याच आठवड्यात वस्तीतल्या विहारात आमची नेहमीची बैठक बसली. एक मित्र कॉलेजात शिकलेला, वाचलेला, माझ्यापेक्षा चार बुकं जास्तच. त्यानं मोबाईलवर यादी दाखवली. या कंपनीचं तेल घेऊ नका, मालक धर्मांध आहे. या कंपनीचा साबण नको, मालक त्यांच्या सभेत स्टेजवर बसतो. खाली खाली येत यादी आमच्या नाक्यावरच्या चहावाल्यापर्यंत आली. का? तर तो सकाळी शाखेत जातो आणि गाड्यावर भगवा लावतो.

मी म्हटलं, यादी कर, जरूर कर. पण आधी हे सांग की बहिष्कार हे हत्यार कुणाच्या घरातून आलं? ते कुणाच्या पाठीवर चालवून चालवून धारदार झालं?

माझी आजी सांगायची. तिच्या माहेरचं गाव याच खोऱ्यातलं, नाव घेत नाही. ५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला आणि पुढच्याच वर्षी वाड्यातल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं काय केलं? काठी उचलली नाही. फक्त आवणीला बोलावणं बंद. पाटलाच्या खाचराच्या बांधावरून जायचं बंद. वाण्याकडं मीठ बंद, काड्यापेटी बंद, घासलेट बंद. सोळा-सतरा घरं बिनमिठाचं खात होती. आजी तेव्हा परकरातली पोर. ती म्हणायची, भूक कळते बाबा, पण आळणी खाऊन जिभेला वाटतं आपण माणसातच नाही. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरणारा एक अत्तार होता, मुसलमान. तो रात्रीचा ओढ्याच्या अंगानं यायचा आणि मीठ द्यायचा. पैसे रोखीनंच घ्यायचा, फुकट काही नाही. पण द्यायचा. पैसे हातातून घ्यायचा, वरून टाकायला लावत नव्हता. आजीला त्याचं नाव आठवत नव्हतं, हात आठवत होता.

ही एका गावाची गोष्ट नाही. वरंधा घाट उतरला की महाड. मार्च १९२७ मध्ये तिथं परिषद भरली, तेव्हा आपल्या माणसांना चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. चवदार तळं शेजारी भरलेलं! त्याच साली डिसेंबरात दुसरी परिषद. मोटारवाले बसू देतील याचा भरवसा नाही, म्हणून बाबासाहेब मुंबईहून शेकडो माणसांसकट पद्मावती बोटीनं दासगावला उतरले आणि तिथून महाडला गेले. मंडपाला सवर्णांनी जागा दिली नाही, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. महाडचे दुकानदार माल विकायला तयार नव्हते, शिधा बाहेरून आणावा लागला. मी गोदीत काम करतो म्हणून ती बोट माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. खिशात पैसे असूनही ज्याला तिकीट मिळेल की नाही सांगता येत नाही, त्याला ग्राहक म्हणायचं का? आपण गिऱ्हाईक झालो ही दोन-तीन पिढ्यांमागची गोष्ट आहे.

१९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याची कमिटी नेमली. बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी तिच्यात होते. १९३० मध्ये अहवाल निघाला. अस्पृश्यानं हक्क मागितला की गाव त्याचं काम तोडतं, वाट तोडतं आणि वाण्याला हुकूम देतं की यांना काही विकू नकोस, हे त्यात नोंदलंय. उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार भयंकर का, तर ते कायदेशीर दिसतं. ज्याला वाटेल त्याच्याशी व्यवहार करण्याचं स्वातंत्र्य, असं त्याला नाव देता येतं. च्यायला, शंभर वर्षं होत आली आणि ताडपत्रीखाली मला तेच स्वातंत्र्य भेटलं, ट्रेकिंगचे बूट घालून!

त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मागण्या मांडल्या. त्यात बहिष्कार टाकणं, त्याला चिथावणी देणं, त्याची धमकी देणं हे गुन्हे ठरवा, अशी मागणी होती. कलमं घेतली होती ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. याच काळात सगळा देश परदेशी कापडाच्या बहिष्कारानं भारलेला होता. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेला. आंबेगाव तालुक्यातला शेतकऱ्याचा पोर, गिरणीत राबणारा. मेला तो, आणि कपडा खपला देशी गिरणीमालकांचा. एकाच शब्दाला दोन तोंडं होती, आणि आपण दुसऱ्या तोंडाला होतो.

बहिष्काराला गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१६ उजाडलं. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला, २०१७ पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ॲट्रॉसिटीच्या कायद्यातही २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्ट शब्दांत आला. कागदावर सगळं आलंय. पण रविवारी गडावर येणाऱ्याच्या नजरेला कलम कोण लावणार?

आता मढीकडं या. पाथर्डी तालुक्यातलं कानिफनाथाचं मढी. भटक्या-विमुक्तांची जत्रा, गाढवांचा बाजार, एकेकाळी जातपंचायतीही तिथंच बसायच्या आणि आपल्याच माणसांना वाळीत टाकायच्या. त्या मढीच्या ग्रामसभेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही. पुढं अधिकाऱ्यांनी ठराव अडवला. पण ठराव लिहिणाऱ्या हाताला लाज वाटली नाही. पुढच्याच महिन्यात राज्याच्या एका मंत्र्यानं हिंदू खाटकांच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र काढलं. म्हणजे बोकड कापणाऱ्याचा धर्म आता भिंतीवर टांगायचा. ज्या खंडोबाच्या नावानं हे केलं, त्याच्या भक्तांत मुसलमानही आहेत, हे जेजुरीचं पोरही सांगेल.

आणि आपली काही पोरं याला टाळ्या वाजवतात! मी नावं घेत नाही. त्यांना वाटतं, गावकुसाबाहेर आता दुसरा कुणी गेला म्हणजे आपण आत आलो. अरे, २०१७ मध्ये पुण्यात एका सरकारी शास्त्रज्ञ बाईनं पोलिसात तक्रार दिली होती की स्वयंपाकिणीनं जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला. २०२४ मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहाऱ्यांसाठी वेगळी पोरं, वेगळे हिरवे कपडे काढले आणि आरडाओरड झाल्यावर कपडे मागं घेतले. आज दारावर अत्ताराचं गाठोडं अडवलं जातं. उद्या तुझी डिलिव्हरीची पिशवी अडवतील आणि तुलाही गोड आवाजात विचारतील, आडनाव काय?

म्हणून मित्राच्या यादीवर माझं पहिलं भांडण हे. ज्या क्षणी तू चहावाल्याचा देव, शेंडी, शाखा बघून त्याचा चहा तोडतोस, त्या क्षणी तू गावाचाच कोतवाल होतोस. त्यानं कुणाला वेगळ्या पेल्यात चहा दिला का? कुणाला हाकललं का? दिला असेल तर गाडा उलथा, पोलिसात चला, मी पुढं होतो. त्याच्या डोक्यात घाण आहे हे मलाही माहीत आहे. ती घाण काढायला मी त्याच्याशी रोज भांडतो, त्याच्याच बाकड्यावर बसून.

दुसरं भांडण पैशाचं. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये यादी उघडी पडली. एप्रिल २०१९ पासून एकट्या भाजपला ६,००० कोटींहून अधिक मिळाले होते. आता खरेदी करणारे बघ. पहिला नंबर लॉटरीवाल्या फ्यूचर गेमिंगचा, १,३६८ कोटी. दुसरा मेघा इंजिनिअरिंगचा, ९६६ कोटी. ही मेघा कंपनी ठाणे-बोरिवलीचा जोडबोगदा बांधतेय. सांग, आता काय विकत घ्यायचं बंद करशील? बोगदा? जे खरे दाते आहेत ते तुझ्या किराण्याच्या पिशवीत येतच नाहीत. तुझ्या तावडीत सापडतो फक्त चहावाला. आणि माझी आई महिन्याचं सामान उधारीवर भरते. ज्या दुकानात खातं, तिथंच जावं लागतं. दुकानदार कुणाला मत देतो हे विचारायची तिची ऐपत नाही. रोख पैसे असणाऱ्याचं हे तत्त्वज्ञान तिला ऐकवू नकोस.

मग बहिष्कार सोडायचा? नाही. कोण म्हणतं सोडायचा? १९७४ मध्ये पँथरनं मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला आणि त्याच्या धगीत भागवत जाधवचा जीव गेला. तो बहिष्कार सत्तेवर होता, कुणाच्या जन्मावर नव्हता. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बस सोडली, पायी चालले, चपला झिजवल्या. बसमधले चारातले तीन प्रवासी तेच होते, म्हणून कंपनीचं कंबरडं मोडलं. भांडण बसमधल्या वेगळ्या बाकांशी होतं. बाकं गेली, लोक बसमध्ये चढले. ड्रायव्हरच्या देवाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आणि डब्लिनची गोष्ट मला सगळ्यात जवळची. १९८४ मध्ये दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या एकवीस वर्षांच्या मेरी मॅनिंगनं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची फळं बिलात घ्यायला नकार दिला. तिला घरी बसवलं. बरोबरच्या मूठभर पोरी बाहेर पडल्या आणि जवळजवळ तीन वर्षं रस्त्यावर उभ्या राहिल्या. १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारनंच तो माल बंद केला. ती गिऱ्हाईक नव्हती रे, कामगार होती! तिच्या पर्समध्ये ताकद नव्हती, ताकद हातात होती. आजीच्या माहेरच्या माणसांनीही तेच केलं होतं. विकत घेणं बंद नव्हतं केलं, ढोर ओढणं बंद केलं होतं. गाव बिथरलं ते त्यामुळं.

१९२० मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी जॉली जॉर्ज जहाजावर रशियाविरुद्धची हत्यारं चढवायला नकार दिला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडच्या ११ बंदरांतल्या कामगारांच्या फेडरेशननं जाहीर केलं की गाझावर बॉम्ब टाकणाऱ्या इस्रायलची हत्यारं आम्ही चढवणार नाही, उतरवणार नाही. मी ते पत्रक गँगमध्ये वाचून दाखवलं. आमचा मुकादम म्हणाला, कंटेनरच्या आत काय हाय हे तुला कोण सांगणार? बरोबर आहे त्याचं. सील लावलेलं असतं. मग कागद मागायला शिकायला पाहिजे, युनियनमध्ये ते बोलायला पाहिजे, आणि कंत्राटी पोरांना उद्या गेटवर पास मिळाला नाही तर त्यांच्या चुलीचं काय, तेही बोलायला पाहिजे. ही यादी मित्राच्या मोबाईलवर नाही.

त्याला मी एवढंच सांगितलं, चहावाल्याचं नाव खोड. माझी त्याच्याकडं चाळीस रुपये उधारी आहे.

भावाचं दुकान चालू आहे. त्यानं आता ताडपत्रीवर पाटी लावलीय, वर मोठ्या अक्षरात आडनाव आणि खाली पिठलं-भाकरी. वहिनी म्हणाली, गिऱ्हाईक कमी झालं, पण जे येतं ते वाचून येतं. पुढच्या रविवारी आमच्या गँगमधले आठजण जेवायला चाललेत. मित्रालाही बोलावलंय. त्यानं विचारलं, तिथं पाण्याचं काय? म्हटलं, विहिरीचं आहे, बाटली आणू नकोस.