जुनी मोटार घेताना



जुने घर विकत घेताना आपण भिंतींना ओल आहे का ते पाहतो, छप्पर निरखतो, विहिरीचे पाणी चाखून बघतो. जुनी मोटार घेताना मात्र एरवी शहाणीसुरती असलेली माणसेही रंगाची झळाळी पाहून बयाणा देऊन मोकळी होतात. या चुकीविषयी बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे. कारण ती मी स्वतः केली आहे.

आमचे भिलाई हे लोखंडाचे गाव. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या काळी मोटार म्हणजे अँबॅसडर, नाही तर फियाट. आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळावयाची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार उभी राहू लागली. अँबॅसडर व मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही त्यांतील कित्येक गाड्या अजून धावत आहेत आणि बेताच्या मिळकतीत पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्याची नजर त्यांच्याकडे वळते.

मीही अशीच २००८ सालची एक मारुती ८०० घेतली. वर्षभराची शिल्लक तीत गेली. लालचुटूक रंग, आसनांवर नवी आच्छादने. आणखी काय हवे होते? आठवड्याभरात आईला आणावयास दुर्ग स्टेशनवर गेले. परतताना उड्डाणपुलाच्या उतारावर रहदारी थांबली. मी ब्रेक दाबून उभी होते. पण पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली बसत गेला आणि गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकू लागली. हँडब्रेक ओढला म्हणून निभावले. आई काही बोलली नाही. तिने मांडीवरचा डबा तेवढा घट्ट धरला.

आमच्या शेजारचे काका कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीत सारी नोकरी घालवून निवृत्त झालेले. हकिगत ऐकून ते म्हणाले, “पोरी, तू गाडी पाहिलीच कुठे? तू रंग पाहिलास.” पुढील दोन रविवारी त्यांनी जे शिकवले, ते आपल्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

पहिली गोष्ट, गाडी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच मालकाने ती सुरू करून ठेवली असेल, तर सकाळी सुरू होताना ती किती कुरकुरते हे आपल्याला कळणार नाही. म्हणून प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. मग कागदपत्रे. आर. सी. वरील चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला आहे काय, तेही पाहावे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. जुन्या गाडीची ही मुदत किती उरली आहे, हे भाव ठरवण्यापूर्वीच विचारावे.

पत्र्यासाठी एक लहानसे लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्यावे. जेथे ते पत्र्याला धरत नाही, तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. नंतर पायाखालच्या चटया उचलाव्यात, दारांच्या खालच्या कडा आणि बॅटरीखालची जागा बघावी. पावसाचे पाणी जेथे साचते, तेथेच गंज घर करतो. “लोखंड नेहमी खालून पाहायचे,” असे काकांचे सांगणे. माझ्या गाडीत चालकाच्या पायाखाली चटई होती, तिच्याखाली डांबराचा लेप होता आणि लेपाखाली पत्रा जवळजवळ नव्हताच.

इंजिनाची प्रकृती त्याच्या तेलावरून कळते. डिपस्टिकवरचे तेल काळे असले तर घाबरू नये. परंतु ते दुधाळ, फेसाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळत आहे असा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उसळते. धुरासही भाषा असते: निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल अधिक खर्ची पडते आहे. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर इंजिनात पाणी शिरत असावे. टायरवर चार अंकांचा ठसा असतो. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच कडेने झिजला असेल, तर चाकांची अलाइनमेंट किंवा खालचे सांधे बिघडलेले असण्याचा संभव असतो.

आता ब्रेक. इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबावा आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत. पाय हळूहळू खाली जात असेल, तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर थकले आहेत. माझ्या गाडीचा दोष हाच होता. ही परीक्षा एका मिनिटाची. ती मी केली नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व कालांतराने निकामी होते. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे.

दुरुस्तीचा क्रमही काकांनीच आखून दिला: आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे; शोभा सर्वांत शेवटी. नवशिक्याने एअर फिल्टर बदलणे, प्लग साफ करणे, बॅटरीच्या टोकांवरील पांढरा क्षार काढणे, एवढी कामे आनंदाने करावीत. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे, जोडताना ते शेवटी जोडावे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांची कामे मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावीत. आपण शेजारी उभे राहून पाहावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही शिरू नये. जॅक निसटावयास वेळ लागत नाही.

काकांनी मला शेवटी एक वही दिली. कोणत्या दिवशी कोणते तेल घातले, कोणता भाग बदलला, किती पैसे लागले, हे सारे मी तीत लिहिते. पहिल्या पानावर मास्टर सिलिंडर आहे, दुसऱ्यावर चालकाच्या पायाखालचा पत्रा. रंगाचे पान अद्याप कोरे आहे. परवा आई पुन्हा आली. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी थांबली, ती थांबूनच राहिली. आईने डबा केव्हाच मागच्या आसनावर ठेवला होता.

आपणही गाडी पाहावयास निघाल तेव्हा खिशात लोहचुंबक असू द्या, सोबत एखादा जाणता माणूस असू द्या, आणि बयाण्याची रक्कम त्या दिवशी घरीच ठेवून जा.