रीळ उघडता आलं पाहिजे

आधीच सांगतो, रीळ म्हणजे मोबाईलवर अंगठ्यानं वर सरकवतात ते नव्हे. गळाच्या काठीला लावतात ते, ज्यावर तंगूस गुंडाळतात ते. मुळा धरणाच्या काठाला, भंडारदऱ्याला, नेवासा-शेवगावकडं नाथसागराच्या फुगवट्याला रविवारी जी टाळकी टोप्या घालून पाण्याकडं बघत बसलेली दिसतात, त्यातलाच मी एक. आमच्यात सध्या जुन्या रिळांचं वेड आलंय. कुणी भंगारातून पेन आणतो, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून मिशेल, कुणाच्या आजोबांचं ॲम्बॅसेडर माळ्यावरून खाली उतरतं. फोटो टाकला की शंभर बदाम. आणि खाली ठरलेलं वाक्य: "पहिल्यासारखं आता काही राहिलं नाही राव."

माझं भांडण या वाक्याशी आहे. पहिल्यासारखं काही राहिलं नाही म्हणजे काय, आपोआप गेलं का ते? दुष्काळ पडला म्हणून गेलं? कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं की हे यंत्र गिऱ्हाइकाला उघडता येता कामा नये, तेव्हा गेलं. आणि आपण बदाम टाकत बसलो.

ज्या रिळांवर आपण जीव टाकतो ती कुणी बनवली ते बघा. स्वीडनच्या स्वँगस्टा गावात १९२१ साली एबी उरफाब्रिकेन नावाचा कारखाना निघाला. नावाचा अर्थच घड्याळाचा कारखाना. घड्याळं झाली, मग टॅक्सीचे मीटर झाले. दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल मिळेना, टॅक्सी थांबल्या, मीटर कोण घेणार? तेव्हा ही मंडळी रिळांकडं वळली. आबू म्हणतात ती हीच कंपनी, आणि ॲम्बॅसेडर तिचंच. मिशेल रीळ फ्रान्सच्या क्लूझ गावचं, तेही घड्याळवाल्यांचंच गाव. घड्याळजीचा एक धर्म असतो: आज बनवलेली वस्तू पुढं कुणाला तरी उघडावी लागणार, हे धरूनच तो ती बनवतो. जुन्या ॲम्बॅसेडरच्या बाजूचे स्क्रू बोटांनी फिरतात. पान्हा लागत नाही. झाकण निघतं, वाटी निघते, आतलं पितळी गिअर समोर. सोबत सगळ्या भागांचा नकाशा यायचा, प्रत्येक भागाला नंबर. म्हणजे कारखाना तुम्हाला सांगत होता, बाबा रे, हे तुझं आहे, बिघडलं तर हा भाग माग.

माझ्याकडच्या ॲम्बॅसेडरचा बुश झिजला होता. वाटी डगडगायची, आवाज करायची. नागापूर एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक लेथवाले चाचा आहेत, त्यांच्याकडं घेऊन गेलो. चाचांनी आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही. रीळ हातात घेऊन फिरवलं, कानाला लावलं, म्हणाले, "भाऊ, हे इंग्रज बनवून गेला का?" म्हटलं, "नाही चाचा, स्वीडनचं आहे." "असू द्या. माणसानं बनवलंय ना? मग माणूस दुरुस्त करील." जुना बुश मोजला, गनमेटलचा तुकडा लावला, अर्ध्या तासात नवा कातून दिला. दीडशे रुपये आणि चहा. रीळ आजही चालू आहे.

त्याच वर्षी घेतलेलं नवं रीळ. कुणाचं ते सांगत नाही, कारण सगळी सारखीच आहेत. चकचकीत, हलकं, खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठ्या अक्षरात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दांडी फिरेना. आत जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव गिअर, दात गेलेले. झाकण काढताना प्लॅस्टिकची खिट्टीही तुटली, कारण ते काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "दादा, याचे पार्ट येत नाहीत. नवीन घेऊन टाका." चाचांनीही हात जोडले. दीड मिलिमीटरचा तो दात, त्याचं माप कुठं लिहिलेलं नाही, आणि ओतीव जस्तावर वेल्डिंग धरत नाही.

आता दुसरी बाजू. मला माहीत आहे लगेच कोण काय म्हणणार. जुनी सगळीच चांगली होती असं नाही, वाईट होती ती केव्हाच भंगारात गेली, उरली तेवढीच आपल्याला दिसतात. शंभर टक्के मान्य. दुसरं, त्या काळी असलं रीळ साहेबाकडं नाहीतर मुंबईच्या शेठकडं असायचं. आज सहा-सातशे रुपयांत दहावीतलं पोरगं रीळ घेऊन धरणावर येतं, चिलापी का होईना पकडतं, हे चांगलंच आहे. पोराच्या हातात स्वस्त वस्तू जाऊ नये असं म्हणणारा मी कोण? पण स्वस्त आणि न उघडणारं, या दोन गोष्टी एकत्रच याव्या लागतात हे कुणी सांगितलं? आपल्या नगरच्या कारखान्यात बनलेली लूना आठवा. १९७२ची गाडी, पन्नास सीसी, पेट्रोल संपलं तर पायडल मारा. महाग होती का? मास्तर, पोस्टमन, दूधवाले सगळ्यांना परवडली. आणि कार्ब्युरेटर साफ करायला कुणी पुण्याला गेला का? गल्लीतला बारा वर्षांचा पोरगा करायचा. तेव्हा किमतीचा बहाणा सांगू नका.

बरं, रीळ बिघडलं तर काय होतं? रविवार वाया जातो. मासा वाचतो. बायको खूश होते. पण हाच खेळ फवारणी पंपात चाललाय, तिथं रविवार जात नाही, पीक जातं. आमच्या घरी पितळी पंप होता. वायसर चामड्याचं. झिजलं की गावातला चांभार नवं कापून द्यायचा, तेलात भिजवून बसवायचं, पंप तयार. (गंमत बघा, जुन्या कितीतरी रिळांतही ब्रेकला चामड्याचीच चकती असते.) आता पाठीवर बॅटरीचा पंप. वजनाला बरा, हात दुखत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कांद्यावर करपा आलाय, आभाळ गच्च आहे, आणि पंपाचं चार्जिंगचं सर्किट उडालं. दुकानदार काय म्हणतो? तेच, रिळवाल्याचं वाक्य. पारनेर-राहुरीकडच्या कुठल्याही कांदेवाल्याच्या पडवीत जाऊन बघा, असे दोन-तीन मेलेले पंप कोपऱ्यात उभे दिसतील. टाकी शाबूत, पट्टा शाबूत, नळी शाबूत. मेलं काय, तर तळहाताएवढं सर्किट.

आणि हा पंप बऱ्याचदा आपल्याच पैशातून आलेला असतो. महाडीबीटीवर अर्ज, मग निवड, मग अनुदान. सरकार पंप देताना शेतकऱ्याकडं कागद मागतं. बनवणाऱ्याकडं सुट्या भागांचा शब्द का मागत नाही? माझी मागणी एवढीच आहे: ज्या यंत्राला जनतेच्या पैशातून अनुदान जातं, त्याचे सुटे भाग निदान सात वर्षं तालुक्याच्या ठिकाणी मिळाले पाहिजेत, त्यांचे भाव छापलेले असले पाहिजेत, आणि भागांचा नकाशा मराठीत खोक्यात असला पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्यानं अनुदानाच्या यादीत येऊ नये. खुल्या बाजारात विकावं, आम्ही अडवत नाही.

हे काही आभाळातलं मागणं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं जी चार क्षेत्रं काढली त्यात शेतीची अवजारं होती. पोर्टलही निघालं. पुढं दुरुस्ती किती सोपी आहे याला गुण द्यायचं ठरलं, २०२५मध्ये त्याचा अहवाल आला, आणि तो कशाबद्दल? मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबद्दल. शेतकरी यादीत होता, रांगेत मागं गेला. मोबाईलची काच फुटली तर कापड बाजारात तासाभरात बदलून मिळते साहेब. करप्याला तेवढा धीर नसतो.

अमेरिकेत कोलोराडो राज्यानं २०२३मध्ये कायदाच केला, १ जानेवारी २०२४पासून लागू: शेतीयंत्र बनवणाऱ्यानं भाग, अवजारं आणि माहिती शेतकऱ्याला द्यायची. तिथल्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं ओरडून ते मिळवलं. आपल्याकडंही एक उदाहरण आहे, लोक विसरले. २०१४मध्ये स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, कारण त्या बाहेरच्या मेकॅनिकला भाग आणि माहिती मिळू देत नव्हत्या. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते मोटारीवाल्यापर्यंत येऊन थांबलंय, पंपवाल्यापर्यंत चालत आलेलं नाही.

आता थोडं आपल्या रिळवाल्या मंडळींना. राग येऊ द्या. जुनं रीळ काचेच्या कपाटात ठेवून त्याची किंमत दर महिन्याला वाढवत नेणारे जे नवे संग्राहक झालेत, त्यांनी त्या वस्तूचा अपमान चालवलाय. ते रीळ चिखलात पडायला, धुवायला, उघडायला बनलं होतं. आणि ज्या लेथवाल्यांच्या जिवावर ही रिळं फिरताहेत, त्यांच्याकडं आता शिकायला कुणी येत नाही. चाचांचा मुलगा कुरियरमध्ये आहे. आयटीआयमधून टर्नर होऊन निघालेलं पोरगं कंपनीत बटण दाबायला लागतं, एक बुश स्वतः मापून कातायची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण दुरुस्तीला यावं असं काही आपण विकतच घेत नाही. जुन्या रिळासाठी आठ हजार मोजणारा माणूस चाचांशी दीडशेचे शंभर करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रब्बीच्या आधी अनुदानाचा पंप घेणार असाल तर दुकानात उभं राहून तीन गोष्टी विचारा: सर्किट वेगळं मिळतं का, कितीला, आणि बिलावर तसं लिहून देणार का. उत्तर काय मिळालं ते दुकानाच्या पावतीच्या फोटोसकट मला पाठवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं निवेदन द्यायचं आहे, नुसत्या रागावर ते घेणार नाहीत, कागद लागेल. आणि कुणाकडं मिशेल ३००च्या भागांचा जुना नकाशा असेल तर तोही पाठवा, चाचांना हवाय.