अपघातानंतर सोबत कोणाची?

रस्त्यावरच्या मृत्यूची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. ‘दुचाकीस्वार जागीच ठार’, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत वृद्धाचा मृत्यू’, ‘गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू’. वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. ज्याचे नाव त्या चार ओळींत आलेले असते, त्याच्या घराची परवड मात्र तिथून सुरू होते. शवविच्छेदनाचा अहवाल कधी मिळणार, पंचनाम्याची नक्कल कोणाकडे मागायची, गाडी कोणाची होती, तिचा विमा होता की नव्हता, बँकेतले खाते कसे उघडायचे, मुलांची फी कोण भरणार? आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसांना, तेही ऐन सुतकात, या प्रश्नांची उत्तरे शोधत फिरावे लागते.

अशी घरे किती? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातली पंधरा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातली. मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातले होते. म्हणजे घरातली कर्ती माणसे. आणि मरणाऱ्या दर शंभर जणांमागे चौसष्टच्या आसपास एक तर दुचाकीवर होते किंवा पायी चालत होते. मोटारीच्या पत्र्याचेही संरक्षण ज्यांच्याभोवती नव्हते, अशी ही माणसे. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये भरधाव मोटारीखाली सापडून सात मजूर मेले. ते तर चालतही नव्हते, पदपथावर झोपलेले होते.

आपल्या भाषेत ‘अपघात’ या शब्दामागे दैव उभे असते. ‘काळ आला होता’, ‘दोरी तेवढीच होती’, असे म्हणून आपण भेटायला आलेल्या घरातून उठतो. सांत्वनाला हे शब्द ठीक आहेत. पण दैवाला दोष दिला की रस्त्याच्या उताराला, वळणावर उभ्या राहिलेल्या नादुरुस्त ट्रकला, चालकाला सलग सोळा तास चाकावर बसवणाऱ्या मालकाला कोणी जाब विचारत नाही. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी रस्त्याच्या कडेला लावली की शासनाचे कर्तव्य संपते. इथे माणसे मरतात हे ज्याला माहीत आहे, त्याने पाटी लावून थांबावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

कायदा काय देतो?

कायद्याने काहीच दिलेले नाही, असे म्हणता येणार नाही. उलट गेल्या तीन-साडेतीन दशकांत बरेच दिले. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जखमीवर तातडीचे उपचार करणे हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. २०१६ मध्ये जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस आणि रुग्णालयांच्या जाचापासून संरक्षण मिळाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात, १३४-अ या कलमात आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला आता नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळण्याची तरतूद आहे.

भरपाईचेही तसेच. समजा, एक रिक्षाचालक. वय बत्तीस, महिन्याची कमाई पंधरा हजार, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. ट्रकच्या धडकेत तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी या खटल्यांत घालून दिलेल्या रीतीने हिशेब मांडू. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे, ते झाले एकवीस हजार. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एकचतुर्थांश वजा, राहिले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे एक लाख एकोणनव्वद हजार. त्याच्या वयाला गुणक सोळा. एकूण तीस लाख चोवीस हजार रुपये, आणि शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरीव रक्कम.

हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. पण त्या रिक्षाचालकाच्या पत्नीला तो कोणी सांगितलेला नसतो. तिच्या दारात तेराव्याच्या आत जो माणूस येतो, तो सांगतो, ‘वहिनी, कोर्टात दहा वर्षे जातील. दोन-तीन लाखांत मिटवून देतो, माझे काय ते नंतर बघू.’ घरात पीठ संपलेले असते. ती अंगठा उमटवते.

गृहिणीच्या मृत्यूचे मोल हा आणखी एक विषय. १९९४ मध्ये कायद्यात आलेल्या कोष्टकात गृहिणीचे उत्पन्न कमावत्या पतीच्या एकतृतीयांश धरावे, असे लिहिले होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या कष्टांचा हा भाव! २०१० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकाम हे खरेखुरे काम आहे आणि त्याचे मोल न्यायाने ठरवले पाहिजे, असे बजावले. ते जुने कोष्टकही आता कायद्यातून गेले आहे. तरी ‘बाई घरीच तर होती’ म्हणून दावाच न करणारी कुटुंबे आपल्या आसपास आहेत.

दोनशे पाच अर्ज

कायद्याचे देणे आणि घराचे घेणे यांत किती अंतर आहे, ते एका आकड्यावरून कळते. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याआधी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. वकील लागत नाही. प्रांत किंवा तहसीलदाराच्या पातळीवर अर्ज करायचा, चौकशी व्हायची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने पैसे मिळायचे.

२०२२ मध्ये अशा पळून गेलेल्या वाहनांचे अपघात झाले ६७ हजार ३८७ आणि त्यांत मेले ३० हजार ४८६. या योजनेखाली २०२२-२३ या आर्थिक वर्षात देशभरातून अर्ज आले अवघे दोनशे पाच! सर्वोच्च न्यायालयापुढे जानेवारी २०२४ मध्ये ही माहिती आली, तेव्हा न्यायालयाने पोलिसांना आदेश दिला की, महिन्याभरात वाहनाचा माग लागला नाही तर या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी कळवा.

इथे नड कायद्याची नाही, पैशाचीही नाही. हजारो घरांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती आणि ती सांगणे हे कोणाचेच काम नव्हते. पोलिसाचे काम गुन्ह्याचा तपास. डॉक्टरांचे काम उपचार. विमा कंपनीचे काम शक्य तितके कमी पैसे देणे. वकिलाचे काम वकीलपत्र मिळाल्यानंतरचे. या साऱ्यांच्या मधून कुटुंबाचा हात धरून चालणारा माणूस आपल्या व्यवस्थेत नाही. दलालाने हेरली आहे ती हीच रिकामी जागा.

२०१९ च्या दुरुस्तीने मुदतीचा प्रश्न आणखी अवघड केला. १९९४ पासून अपघात दाव्याला कालमर्यादा नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून ती सहा महिन्यांची झाली. ज्या घरातला माणूस सहा महिने अंथरुणाला खिळलेला आहे, त्याने तेवढ्यात कागद जमवून न्यायाधिकरण गाठावे, ही अपेक्षा कशी करायची? या मुदतीला आव्हान देण्यात आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. हा दिलासा अंतरिम आहे. त्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये.

संघटनेचे बळ

नव्या न्याय संहितेत, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातल्या ट्रकचालकांनी चाके थांबवली. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला चर्चा करावी लागली आणि १ जुलै २०२४ रोजी बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. चालकांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. थांबलो तर जमाव जिवे मारील, ही त्यांची भीती खोटी नाही. पण त्या चर्चेला अपघातात माणूस गमावलेल्यांचा कोणी प्रतिनिधी होता का? नव्हता. कारण अशा माणसांची संघटना नाही. लाख-दीड लाख घरांत दरवर्षी एकच दुःख येते, पण प्रत्येक घर ते एकट्याने सोसते.

जिथे ही माणसे एकत्र आली, तिथे काय घडते, याचे दाखले आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिजिट चौधरी यांचा मुलगा १९९० मध्ये सिग्नल तोडून आलेल्या वाहनाखाली सापडून गेला. या आईने १९९२ मध्ये ‘रोडपीस’ ही संस्था काढली. अशाच आघातातून गेलेल्यांनी नव्याने आघात झालेल्यांना दूरध्वनीवर धीर द्यायचा, कागदपत्रे आणि कोर्टाची वाट समजावून सांगायची, हे या संस्थेचे काम. तिने सुरू केलेला अपघातबळींचा स्मृतिदिन संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ मध्ये स्वीकारला. नोव्हेंबरचा तिसरा रविवार आता जगभर त्यासाठी पाळला जातो.

आपल्याकडेही असे काही जण निघाले. दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला शाळकरी मुलगा २००७ मध्ये रस्त्यावर जखमी होऊन पडला आणि वेळेवर मदत न मिळाल्याने गेला. त्यातून ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ उभे राहिले. मदतकर्त्याला संरक्षण देणारा २०१६ चा निकाल याच संस्थेच्या याचिकेवरचा. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरचे मृत्यू कमी करण्याच्या मोहिमेतही ही संस्था आहे. १९९६ च्या अपघाताने चाकाच्या खुर्चीत बसलेले चंदीगडचे हरमन सिद्धू महामार्गालगतच्या दारूच्या दुकानांविरुद्ध लढले. कोइंबतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेवर आजही आदेश निघत आहेत. रोकडरहित उपचारांची योजना न्यायालयाने सरकारकडून करवून घेतली ती याच याचिकेत. म्हणजे आज जे काही संरक्षण आहे, त्यातले बरेच दुःख पचवून उभ्या राहिलेल्या माणसांनी आणि मूठभर जाणत्यांनी मिळवलेले आहे.

आपले, म्हणजे वाचणाऱ्यांचे, लक्ष मात्र धडक देणाऱ्यावर खिळते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. आरोपी अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा देश संतापला. तो संताप रास्तच होता. पण मुले गमावलेल्या मध्य प्रदेशातल्या त्या दोन घरांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

काय करता येईल?

पहिली गोष्ट सरकारची. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अपघातग्रस्तांच्या कुटुंबासाठी एक जाणकार मदतनीस असावा. फार मोठ्या खर्चाची ही बाब नाही. अपघाताचा अहवाल पोलिसांनी तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला पाठवावा, असे कायदा म्हणतो. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. पोलीस ठाण्यांत अपघात दाव्यांसाठी वेगळे पथक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. आपल्या ठाण्यात ते आहे का, हे स्थानिक प्रतिनिधींनी विचारायला हवे.

दुसरी गोष्ट आपली. अशा घरी आपण भेटायला जातो, डबा पोहोचवतो, ही आपली चांगली रीत आहे. तिला थोडी जोड द्यावी. घरातल्या बाईला कोणत्याही कागदावर घाईने सही करू देऊ नये. फिर्याद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकला, औषधांच्या पावत्या, पगाराचा किंवा धंद्याचा पुरावा एका पिशवीत जमवून ठेवावा. धडक देणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि विमा पोलिसांकडून लिहून घ्यावा. आणि तिला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत घेऊन जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. अपंगत्व घेऊन परतलेल्याच्या घरी तर वर्षभराने पुन्हा जावे. तोवर भेटायला येणारे थांबलेले असतात आणि पैसेही संपलेले असतात.

तिसरी गोष्ट ज्यांनी हे सोसले त्यांची. एका तालुक्यात अशी दहा-वीस घरे सहज निघतील. त्यांनी महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत एकत्र बसावे. कोणाचा दावा कुठे अडला, कोणता अधिकारी भेटतो, कोणत्या वळणावर दरवर्षी माणसे मरतात, याची वही ठेवावी. ती वही घेऊन वीस माणसे तहसील कचेरीत गेली, तर त्यांना खुर्च्या द्याव्या लागतील. एकटी विधवा गेली, तर तिला ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगितले जाते.