सीटी स्कॅनरच पेशंटकडे आला तर?

ऑगस्ट 2025 मध्ये आयसीएमआरने आसाम सरकारकडे दोन अँब्युलन्स सोपवल्या. त्यांच्यात चक्क सीटी स्कॅनर आहे. तिथे स्ट्रोकच्या पेशंटला उपचार मिळायला सुमारे 24 तास लागायचे, ते अशा गाडीमुळे 2 तासांवर आले, असं आयसीएमआर सांगते.

एका मशीनने एवढा फरक कसा पडतो? स्ट्रोकमध्ये मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. पण रक्तस्राव असताना तेच दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणजे स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टरांचे हात बांधलेले. इकडे मेंदूच्या मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतायत.

हॉस्पिटलमधला नेहमीचा सीटी एका जागी पक्का असतो. शिशाचं अस्तर असलेली खोली, दणकट वीजपुरवठा, आणि पेशंटचं टेबल मशीनच्या कड्यात सरकतं. पोर्टेबलमध्ये उलटं: डोकं स्थिर, कडं त्याच्यावरून सरकतं. 'सेरेटॉम' हे त्यातलं जुनं मॉडेल बॅटरीवर चालतं, पण वजन चारशे किलोच्या वर! पोर्टेबल म्हणजे चाकं आहेत, एवढंच. कड्याचं भोक जेमतेम 32 सेंटिमीटर, त्यामुळे फक्त डोकं मावतं. फोटोत नॉइजही जास्त. फोनचा फ्रंट कॅमेरा आणि मेन कॅमेरा यांच्यात असतो तसा फरक समजा. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातलं बारीकसारीक निसटू शकतं. पण 'रक्तस्राव आहे का?' या प्रश्नाला तेवढा फोटो बहुतेक वेळा पुरतो.

आयसीयूमध्येही याचा खरा उपयोग आहे. व्हेंटिलेटरवरचा पेशंट नळ्या-पंपांसकट लिफ्टमधून खाली नेणं ही स्वतःच एक जोखीम असते. (शेजारच्या बेडला रेडिएशन लागू नये म्हणून आडोसा मात्र हवाच.)

पण ज्या शहरी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीशेजारीच चालू सीटी आहे, तिथे स्ट्रोकसाठी पोर्टेबल घेणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा रात्री 3 वाजता रिपोर्ट वाचणारा माणूस ठेवा. गडचिरोलीचं गणित वेगळं आहे. तिथल्या 86 गावांत 'सर्च' संस्थेने केलेल्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं. आणि भामरागडहून जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून लांब. गाडी पाठवायचीच तर तिकडे पाठवा.

डेटाचं म्हणाल तर डोक्याच्या साध्या स्कॅनचे तीसेक फोटो, प्रत्येकी अर्धा एमबी, म्हणजे 15 एमबी. आपण व्हॉट्सअॅपवर यापेक्षा मोठे व्हिडिओ फॉरवर्ड करतो. दूरच्या न्यूरोलॉजिस्टपर्यंत ते पोचायला फक्त रेंज लागते, आणि भामरागडच्या रस्त्यावर ती सगळीकडे मिळेलच असं नाही.