पेशींच्या कुळाचा दाखला

कर्करोगावरील नव्या औषधाची पहिली परीक्षा बहुधा रुग्णावर होत नाही; ती प्रयोगशाळेत बशीत वाढविलेल्या पेशींवर होते. त्या पेशी ज्या अवयवाच्या म्हणून सांगितल्या, त्याच अवयवाच्या आहेत, या गृहीतावर पुढची सारी इमारत उभी राहते. हे गृहीत किती ठिसूळ आहे, हे वैज्ञानिकांना अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. तरीही प्रयोगांचा वृत्तांत लिहिण्याच्या रीतीत व्हावी तेवढी सुधारणा झालेली नाही, ही चिंतेची बाब म्हटली पाहिजे.

१९५१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर पोहोचल्या आणि अंगच्या जोमामुळे इतर पेशींच्या बशांत शिरून त्यांनी मूळच्या पेशींना नामशेष केले. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर या आनुवंशिकीतज्ज्ञाने, परस्परांहून भिन्न मानलेल्या १८ मानवी पेशीवंशांत हेलाचीच खूण सापडल्याचे जाहीर केले. स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या म्हणून वापरात असलेल्या 'हेप-२' पेशीही वस्तुतः हेलाच ठरल्या. एवढ्याने डोळे उघडावयास हवे होते; परंतु होर्बाख व हाल्फमन या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजदादीत चुकीच्या ओळखीच्या पेशींवर आधारलेले ३२,७५५ निबंध आढळले.

हे अज्ञानामुळे घडते असे म्हणता येणार नाही. पेशींचे कूळ ठरविणारी डीएनए चाचणी आज उपलब्ध आहे आणि वाया जाणाऱ्या संशोधनाच्या तुलनेत तिचा खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती खर्च आणि लाभ यांच्या वाटणीची. चाचणीचा खर्च प्रयोगकर्त्याने सोसावयाचा. दोष आढळला तर स्वतःचेच जुने निबंध संशयास्पद ठरावयाचे. आणि न केल्यास होणारी हानी मात्र त्या निबंधावर विसंबणाऱ्याने, अखेरीस करदात्याने व रुग्णाने भरून द्यावयाची. ॲमजेन या औषधकंपनीने पडताळून पाहिलेल्या कर्करोगविषयक ५३ महत्त्वाच्या निबंधांपैकी केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. याची कारणे अनेक असतील. मात्र निबंधात पुरेसा तपशीलच नसेल, तर चूक नेमकी कोठे झाली हे शोधण्याचीही सोय उरत नाही.

म्हणून निबंधात काही गोष्टी अनिवार्य केल्या पाहिजेत. पेशी कोठून आणल्या, त्यांची ओळख केव्हा तपासली, त्या किती वेळा नव्या बशीत वाढविल्या, मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूंचा संसर्ग नाही याची खात्री केली काय, पोषणद्रव कोणता वापरला, हे नमूद व्हावे. एकाच दिवशी, एकाच बशीतील तीन कप्प्यांत केलेली मोजणी म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. यास्तव प्रयोग किती वेळा नव्याने केला, हेही स्पष्ट सांगितले जावे.

ही नसती कारकुनी आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण रोजकीर्दीवाचून दुकान चालत नाही, तसेच हे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदानाच्या अर्जातच पेशींची ओळख कशी पटविणार, हे सांगणे आवश्यक केले. लहान महाविद्यालयांतील तुटपुंज्या साधनांच्या प्रयोगशाळांना चाचणीचा भार जड जाईल, या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. त्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीवंशांचे भांडार असून तेथून देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविल्या जातात. अशा संस्थांमार्फत चाचणीचा खर्च शासनाने उचलावा आणि दाखल्यावाचून अनुदानाचा पुढील हप्ता देऊ नये. बशीवरची चिठ्ठी खोटी असेल, तर तिच्या आधारे रुग्णाला दिलेली आशाही खोटीच ठरते.